चष्मा न लावता ओळखलेली सराय

दसरा झाल्यावरचा सोमवार, १९५६

आधी टपकली ती समोरची गोदावरी. आमच्या दारात मोटार थांबली की तिची साखर संपतेच. मोटारीतून पुराणवस्तू खात्याचे दोन साहेब उतरले. चौथी नापास बाईकडे! मला इतका आनंद झाला की पोह्यांत दोनदा मीठ पडलं.

त्यांच्याजवळ जुन्या पुस्तकातलं चित्र होतं. कुणा गोऱ्या प्रवाशाने काढलेली, तुर्क सुलतानांच्या वेळची सराय, वाटसरूंची धर्मशाळाच. क्षिप्रेकाठची आमची सराय कधीच पडली, तिथे आता गोदाम आहे. ती पाहिलेली मी एकटीच उरले, म्हणून आले बिचारे. “अम्माजी, पहचानिए, यही थी?”

“हो, हीच की!” मी म्हटलं.

गोदावरी म्हणते, “काकू, आधी चष्मा तर लावा!”

लावला तोवर साहेबांनी लिहूनही घेतलं होतं. इतके खूष, की मला नाही म्हणवेना.

पण त्या पायऱ्या. चित्रात नदीकडे उतरताना भिंत डाव्या हाताला येते. मी धुणं घेऊन उतरायचे तेव्हा उजवं कोपर खरचटायचं. की डावं? नाही, उजवंच. आई त्यालाच हळद लावायची.

म्हणजे ही सराय भलतीच कुठली. आमचीचं चित्र कुणी काढलंच नसेल. विचारणार कुणाला? थोरली बहीण माई होती, तीही गेली.

खरं सांगितलं तर त्यांना वहीतलं ते पान खोडावं लागणार. सांगावं तर लागेलच. नव्या राज्यात त्यांची कचेरी भोपाळला जायच्या आत माझी सही घ्यायला गुरुवारी येतो म्हणालेत.