धनलक्ष्मीच्या हातातली पाटी

मारतहळ्ळी, बेंगळुरू
१२ जुलै २०२५

ती. महानंदाअक्कास,
क्षमाचा शि. सा. न. वि. वि.

दिवसातून चारदा फोन करणारी बहीण एकदम कागदावर कशी उतरली, असं वाटलं असेल. अगं, आठ दिवस फोन हातात घ्यायचीच शिसारी बसली आहे.

इंटरनेट जपून कसं वापरावं, हे मुलांना शिकवायचा आठवडा दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. संगणकाची बाई ना मी! यंदा आठवीच्या मुलांच्या हातात पाट्या देऊन फेरी काढली. धनलक्ष्मीच्या पाटीवर होतं, ‘न विचारता कुणाचा फोटो टाकू नका’. तिचा फोटो शाळेच्या फेसबुकवर झळकला. तू तो निपाणीभर फिरवलास, ठाऊक आहे मला.

चार दिवसांनी बेळ्ळंदूरच्या स्टॉपवर एका परक्या माणसानं तिला नावानं हाक मारली, मोबाइलवर तोच फोटो दाखवला आणि गाडीत बस म्हणाला. पोर धावत घरी गेली, तर वडिलांनी तिलाच धारेवर धरलं. महांतेश त्यांचं नाव, टेम्पो चालवतात. नाव नि स्टॉप तूच त्याला कळवलंस, म्हणे. अगं, तिच्याकडे फोनसुद्धा नाही! आता शाळा सोडवून तिला गावी धाडणार आहेत.

आणि आमच्या मुख्याध्यापिका? दोन हजार लाइक पडलेत म्हणून फोटो उतरवायला तयार नाहीत. स्वल्प ॲडजस्ट करा म्हणाल्या, तेही हसून. या माणसांत रोज उठून जायचं म्हणजे किळस येते.

धीराच्या दोन ओळी लिही. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
क्षमा

निपाणी
१९ जुलै २०२५

चि. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ज्या ज्या घरी ‘आमच्या क्षमाची शाळा’ म्हणून मिरवले होते, त्या प्रत्येक घरी जाऊन फोटो पुसायला लावला. लाज वाटली, पण गेले.

तुझ्या बाईंचा मलाही संताप आला. पण पुसण्याआधी मी फोटो मोठा करून पाहिला. धनलक्ष्मीच्या छातीवर चिठ्ठी टाचली आहे. नाव, इयत्ता, उतरायचा स्टॉप. कानडी अक्षर तुझं, मीच गिरवून घेतलेलं. पोर हरवू नये म्हणून चिठ्ठी टाचायची सवयही माझीच. तीस वर्षं शाळेत शिकवताना मी प्रत्येक सहलीला मुलांना टाचत आले. तेव्हा ती चिठ्ठी सहलीबाहेर कुणाला दिसत नव्हती.

पण तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात त्या चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. हे मला मुळीच आवडलं नाही. दुसऱ्यांची किळस पुष्कळ करून झाली. आता महांतेशांकडे जा आणि खरं सांग.

डबा नेतेस ना? की रागानंच पोट भरतेस? रागावले तरी तुझीच,

महानंदा

मारतहळ्ळी
२ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस आरशात बघवेना. लपवलं होतं मी. तुझ्यापासून आणि स्वतःपासूनही.

रविवारी बेळ्ळंदूरला गेले. महांतेशांना म्हटलं, अण्णा, नाव नि स्टॉप मी लिहिला, फोटो मी काढला, तुमच्या मुलीनं कुणाला काही कळवलं नाही. त्यांनी आत वळून तिला दप्तर भरायला सांगितलं. सोमवारपासून ती शाळेत येते, ते स्वतः सोडतात. दोघं मिळून आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तिची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे बाईंनी फोटो उतरवला. माझ्या नोकरीचं अजून ठरायचं आहे.

त्या रविवारी मी निघाले तशी धनलक्ष्मी जिन्यापर्यंत आली. ती पाटी तिनं घरी जपून ठेवली आहे. पाटीवरचं ते वाक्य तुम्हीच लिहिलं होतं ना मिस, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग मला का नाही विचारलंत, म्हणाली.

तिला काय सांगू, ते तूच कळव. लोभ मागायची हिंमत नाही, तरी असू दे.

तुझी,
क्षमा