‘कु.’चं ‘कै.’ झालं त्याबद्दल

प्रिय चिमटीस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष अशी की आपण दोघी वारलो आहोत. घाबरू नकोस. तुझा गुडघा आणि माझं बीपी अजून आपापल्या जागी आहेत (गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करतेस की नुसती कुरकुरतेस?). पण आपल्या विद्यापीठाने आपला जाडजूड इतिहास छापलाय आणि शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी जोडलीय. तीत आपल्या वर्गातल्या पाचही मुलींच्या नावाआधी ‘कै.’ आहे. मुलगे मात्र झाडून सगळे जिवंत. मागच्या बाकावर झोपा काढणारा तो ‘कुंभकर्ण’सुद्धा ‘श्री.’ होऊन बसलाय, आणि त्याच्या शोकसभेत तर मी स्वतः भाषण ठोकलं होतं!

तडक माजी विद्यार्थी कक्षात गेले. (आपला सायकलस्टँड होता ना, तिथे आता काचेच्या केबिनी झाल्यात. माणसं दिसतात, भेटत नाहीत.) तिथल्या तरुण साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि अदबीनं खुलासा केला. जुन्या रजिस्टरात आपण सगळ्या ‘कु.’ होतो. नोंदी संगणकात चढवताना साहेबांनी विचार केला (तिथेच घोटाळा झाला), की इतक्या जुन्या वर्गातली मुलगी अजून कुमारी कशी राहील? जुन्या कारकुनाने घाईत ‘कै.’चं ‘कु.’ केलं असणार. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि वर्गातल्या सगळ्या मुली एकदम वर गेल्या. मी म्हटलं, साहेब, मी अजूनही कुमारीच आहे. बिचाऱ्याला चहाचा ठसकाच लागला.

ठसका थांबल्यावर म्हणाले, हयातीचा दाखला आणा. मी समोर बसून त्यांचाच चहा पीत होते, ते चालेना. वर म्हणाले, या वयाला संगणकात ‘कु.’ बसत नाही, ‘श्रीमती’ करून देतो. मी म्हटलं, एक वेळ मेलेली चालेन, पण श्रीमती होणार नाही. चिमटे, श्रीमतींशी माझं वाकडं नाही, पण अख्ख्या घरादाराशी भांडून मी हे ‘कु.’ राखलंय. ते काय दूध आहे, ठेवलं म्हणून नासायला? आणि तुझं काय? तुझं माहेरचं नाव जगात त्या एका रजिस्टरातच उरलं होतं (यजमानांना विचारून बघ, त्यांना तरी आठवतंय का). तेही मारून टाकलं मेल्यांनी.

तरी नुसत्या मरणाचा मला इतका राग आला नसता. वाचनालयाचं आठवतंय ना? मुलींनी पुस्तक घ्यायचं आणि बाहेर व्हरांड्यात बसून वाचायचं, असा नियम होता. एके दिवशी आपली ताडमाड उंच शिडी सरळ आत गेली, मोठ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली, आणि तिच्या मागोमाग आपण चौघी. ग्रंथपालांनी दिवे घालवले तरी कुणी उठली नाही. अंधारात शिडी पाठ असलेले धडे मोठ्यांदा म्हणत राहिली, तेही तिच्या त्या फाटक्या आवाजात. शेवटी ग्रंथपालच हात जोडत आले. त्याबद्दल या इतिहासात काय छापलंय? ‘तत्कालीन कुलगुरूंच्या दूरदृष्टीमुळे वाचनालय विद्यार्थिनींना खुले झाले.’ अगं, कसली दूरदृष्टी! त्यांच्या दारासमोरच्या व्हरांड्यात आपण रोज बसायचो, ते कधी दिसलं नाही त्यांना. पण मेलेल्या बायका तक्रार थोड्याच करतात? छापायला सगळे मोकळे.

आता नीट ऐक. रविवारी विद्यापीठाचा मोठा समारंभ आहे. त्यात दिवंगतांची नावं वाचून दोन मिनिटं शांतता पाळणार आहेत. आपण पहिल्या रांगेत बसायचं आणि नेमकं तेव्हाच मोठमोठ्यानं बोलायचं. विषय कुठलाही चालेल. तू सुनेपासून सुरुवात कर, दोन मिनिटं कमीच पडतील. आपल्या वर्गातल्या जुळ्या बहिणीही येतायत. थोरलीला ऐकू येत नाही, त्यामुळे शांतता कधी संपली ते तिला कळणार नाही आणि ती बोलतच राहील. आपलं नाव घेऊन कुणी गप्प बसणार असेल, तर आपण का गप्प बसायचं?

मोठ्यांना नमस्कार (आपल्याहून मोठं आता कोण उरलंय ते कळव), लहानांना आशीर्वाद, आणि सुनेला हे पत्र दाखवू नकोस.

तुझी, अजून तरी,
कु. ठिणगी

ता. क. : पत्र बंद करणार तोच साहेबांचा फोन. खास बाब म्हणून माझं एकटीचं ‘कु.’ परत देतायत, मी फक्त रविवारी गडबड करू नये. मी ठणकावून सांगितलं, पाचही जणींचं करा, नाहीतर माझंही नको. ते म्हणाले, ठीक आहे, पाचही जणींचे हयातीचे दाखले आणा.

ता. क. २ : फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. मी बोलण्याच्या भरात ‘पाच’ म्हणून गेले गं. शिडीला जाऊन किती दिवस झाले ते तुला काय सांगायचं. अख्ख्या यादीत आपल्यापैकी तिची एकटीची नोंद बरोबर आहे, तीही चुकून. रविवारी तिचं नाव वाचतील तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेल असं वाटत नाही. गुडघा घेऊन ये, रिक्षाने ये, कशीही ये, पण माझ्या शेजारी बस. तिच्यासाठी आपण गप्प बसलेलं तिला मुळीच खपणार नाही. सुरुवात तू कर, मागून मी बोलेन.