तपकिरी ठिपके

बोईसर, आषाढ वद्य एकादशी

माझा मेहुणा काशिनाथ मुरबे गावचा मच्छीमार. त्याच्या मेंदूतली गाठ काढली. आज मुंबईच्या डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं: गाठीच्या तुकड्यातलं एक प्रथिन रंगवलं की तपकिरी ठिपके दिसतात. ठिपके जास्त, तर गाठ लवकर परतते. याचे फार आहेत. वर्षभर जगणंही कठीण.

बाहेर तो म्हणाला, "भावजी, कल्ला उचलून मासा बघतात तसा बघितला ना मला? सांगा, ताजा हाय का नाय?"

सांगितलं. उपवासाच्या दिवशी खोटं बोलवेना. पण बरोबर केलं का? ते ठिपके मी पाहिलेही नाहीत, तरी डोळ्यांपुढून जात नाहीत.

येताना पालघरला त्याने पूर्ण नव्या जाळ्याचं सूत घेतलं. एकट्याने विणायला दोन वर्षं लागतात. मी पिशवी धरली.