राक्षसिणीच्या गालावरचा तीळ

सयाजी,

तुझ्या चित्रकथेच्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवून पानं टेबलावर ठेवलीत. राक्षसिणीला माझा तीळ दिलास, दे बापडा. पण राजकन्येची वेणी घालताना राक्षसीण रडते, हे तू कधी बघितलंस?

राजपुत्र तर थेट माडीवरचा भाडेकरू रत्नाकर! तसाच एक खांदा पाडून उभा. मग त्याच्या महालाच्या दारात कडेवर मूल घेतलेली बाई कोण? तुला काय ठाऊक आहे? आणि आपल्या धाकट्या जमनाला, तुझ्या या राजकन्येला, ते सांगितलंस का?

तिला घेऊन मी बसवनगुडीला मावशीकडे जातेय. भातावरचं सारू स्वल्प गरम करून घे.

शेवटच्या पानावर राजकन्या त्याच्या घोड्यावर बसलीय. त्या पानाला मी शाई लावलेली नाही. वर खोडरबर ठेवलाय.

अक्का