आमच्या घरात अंडं कधी आलं नाही

आई, आज मी तुझ्याबद्दल खोटं बोलले. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, नव्या रायपूरच्या मंत्रालयात, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांसमोर. तुझी बाजू सांगायला तू नव्हतीस, आणि खरं काय ते ठाऊक असलेली त्या खोलीत मी एकटीच होते.

कुपोषित मुलांच्या आहाराचा कायदा होतोय. मसुदा करणाऱ्या समितीत आरोग्य खात्याकडून मी आहे, आणि मुलांना अंडं द्यायचं हे कलम मीच लिहिलं होतं. आज त्याला विरोध करायला काही धार्मिक मंडळी आली. भांडत आली असती तर बरं झालं असतं, भांडायला मी कुणाला हार जात नाही, तुला माहीत आहे. पण ती हात जोडून आली, सोबत प्रसाद घेऊन आली, मला बेटी म्हणाली. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर साहिबा, आप तो मराठी ब्राह्मण परिवार से हैं, आप ही बताइए." आणि मी सांगितलं, "हमारे घर में अंडा कभी नहीं आया. मेरी माँ बच्चों के वार्ड में नर्स थीं, फिर भी नहीं." सगळ्यांच्या माना डोलल्या. त्यांच्यातले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "धन्य हैं ऐसी माताएँ." मग वाद असा उरलाच नाही. अंडं काढून तिथे 'समतुल्य शाकाहारी आहार' घालायचं ठरलं, आणि चहा आला.

ब्राह्मणपाऱ्यातलं आपलं भाड्याचं घर. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर पोचे आलेलं पातेलं. वॉर्डातल्या अशक्त पोरांसाठी सरकारनं अंडी मंजूर केली होती, पण दवाखान्याच्या स्वयंपाकघरातले आचारी महाराज गळ्यात तुळशीची कंठी घालणारे, ते अंडं चुलीजवळ येऊ देत नसत. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या सिस्टर. तू काही जाऊ दिलं नाहीस. पिशवीत घालून अंडी घरी आणायचीस आणि सकाळी अंगणात उकडायचीस. सोलायचं काम माझं, डब्यात भरून वॉर्डात न्यायचं तुझं. मग तू डोक्यावरून अंघोळ करणार, देवपूजा करणार, चतुर्थी असली तर पाणी पिऊन ड्यूटीवर जाणार. जन्मात तू अंडं तोंडात घातलं नाहीस, एवढं मात्र खरं आहे.

मी एकदा विचारलं होतं, त्या महाराजांचा तुला राग नाही येत? तू टरफलं गोळा करत होतीस. "राग काहून येईल? त्याची कंठी त्याच्या गळ्यात, माझा उपवास माझ्या पोटात. गुढियारीच्या बाजारातल्या हमालाच्या पोट्ट्यानं त्याच्यापायी काहून उपाशी राहावं?" मग दूध द्यावं, मी म्हटलं. "दुधात पाणी घालता येते, बाई. अंड्यात घालून दाखव." तेव्हा मी हसले होते. आता खात्याच्या गाडीतून मुलांच्या आहाराची केंद्रं बघत फिरते, पेल्यातलं निळसर दूध बघते, आणि तुझं वाक्य आठवतं.

शाळेत एका मैत्रिणीनं माझ्या हातांना वास येतो म्हणून डबा दूर सरकवला, त्या दिवशी मी पातेलं लाथाडलं होतं. तू मारलं नाहीस. "हात धुतले का वास जाते. भूक नाही जात," एवढंच म्हणालीस, आणि अंगणभर पसरलेली अंडी स्वतः वेचलीस. मग घरमालकांपर्यंत वास पोचला. ते देवळाचे विश्वस्त. अंडी बंद करा, नाही तर जागा सोडा, म्हणाले. बाबा महिनाभर धुसफुसत होते. तू बूढापाऱ्यात तलावामागे एक अंधारी खोली शोधलीस आणि सामान बांधायला घेतलंस. रिक्षात तो स्टोव्ह माझ्या मांडीवर होता. त्या अंड्यांपायी आपण घर सोडलं, आई, आणि मी आज सांगून आले की अंडं आमच्या घरात कधी आलं नाही.

आठवलं नाही असं नाही. बोलता बोलता नखांत टरफल टोचल्याचंसुद्धा आठवलं. पण मला त्या खोलीत परकी व्हायचं नव्हतं. धर्म सरकारात घुसतो, असं आम्ही भाषणांतून तावातावानं सांगतो. आज मीच त्याला मानाची खुर्ची दिली, वर तुझं नाव सांगून दिली. या गोष्टीची मला इतकी लाज वाटते की जेवताना ती लेकीला सांगून टाकली. तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. म्हणाली, "पर मम्मी, आप ही तो बताती थीं कि नानी के यहाँ अंडे आप छीलती थीं?" मी मान हलवून "हव" म्हटलं आणि तिच्या पानात भात वाढला.

सोमवारी शेवटची बैठक आहे. मसुदा पक्का होऊन पुढे विधानसभेत जाईल. तोवर उठून सांगता येईल की माझी आई स्वतः अंडी उकडत होती, आणि तिच्यासारखी धार्मिक बाई मी पाहिली नाही. मी तसं सांगेन, असं लिहून हे पत्र संपवावं असं फार वाटलं. पण त्यांच्याशी खोटं बोलून झालंय, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. सांगेन की नाही, मला खरंच ठाऊक नाही. ते म्हातारे गृहस्थ तुला धन्य म्हणाले ना, तेव्हा, आई, मला बरं वाटलं होतं.