उटंगी टेबलं आणि तपासणी बाई

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. (साष्टांग घालवत नाही, पाठ धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा आणि वहिनींचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा करते.

तुला ठाऊकच आहे, तुमच्या कचेरीत कुणा ‘हितचिंतका’ने निनावी अर्ज धाडला की, आमच्या बालवाडीतली चार वर्षांची एक मुलगी चालत नाही, जमिनीवरून सरकते, टेबलाशी बसत नाही, तेव्हा तिचं नाव कमी करावं. (असल्या हितचिंतकांना एकदा त्याच जमिनीवरून सरकवायला हवं.) तपासणी बाई येणार, त्यांनी नाही म्हटलं की पोरगी घरी बसणार, हे ठरलेलं.

मी म्हटलं, ती टेबलापर्यंत पोचत नाही ना, मग टेबल खाली आणू. आमच्या ह्यांना सांगितलं, एका टेबलाचे पाय कापून द्या. पण हे पडले शिंपी. एका पोराचं माप घेऊन गणवेशाचा अख्खा गठ्ठा बेतायची सवय! मी बाजारातून येईतो सहाच्या सहा टेबलं उटंगी होऊन बसली होती. खुर्च्या निरुपयोगी झाल्या, त्या अडगळीत टाकल्या. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही आणि अठरा पोरांसकट जमिनीवर बसले. (पाठीचं कारण हेच.)

आणि दादा, तिसऱ्या दिवशी बघते तर काय, वर्गात सगळ्यांत चपळ तीच! आधी पोरं तिला ओलांडून जायची, आता तिच्यामागे सरकायला लागली. चड्ड्या झिजल्या, ह्यांना ठिगळांचं काम मिळालं.

तपासणी बाई आल्या. खुर्ची शोधली, मिळाली नाही, शेवटी बसल्या खाली. तासभर टिपणं काढली, चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग उठायला गेल्या तर उठवेना. मी एक हात ओढतेय, मदतनीस दुसरा, आणि बाई तिथल्या तिथे. तेवढ्यात ती पोरगी सरकत आली. म्हणाली, “ओढू नका त्यांना. बाई, हात टेका, खिडकीपर्यंत सरका, मग गज धरून उठा. मी तशीच उठते.”

बाई सरकल्या, दादा! पुढे ती, मागे बाई, त्यांच्यामागे अख्खा वर्ग. गज धरून उभ्या राहिल्या, धाप टाकली आणि वहीत शेरा लिहिला: ‘मुलगी याच वर्गात राहील. खुर्च्या परत आणू नयेत.’ मी पोरांदेखत रडले. ह्यांच्याशी त्या दिवसापासून फारच गोड बोलते आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. बाईंचे कपडे मागून झिजले असतील तर ह्यांच्याकडे पाठवायला सांग.

आणखी ता. क. तो हितचिंतक मीच. ती वर्गात आली त्या पहिल्या आठवड्यात फार घाबरले होते. मला जमत नाही असं लिहायची लाज वाटली, म्हणून तिला जमत नाही असं लिहिलं. अक्षर तू ओळखलं असशीलच, तरी बोलला नाहीस. आता एक कर. तो अर्ज फाडू नकोस. सहीच्या जागी माझं नाव घाल आणि हे पत्र त्याला टाचून ठेव.