मागचा पंखा फिरत होता

आत्याबाई, नवीन डीव्हीडी प्लेअर घेतला. तुमच्या मुलाला तुमचा आवाज ऐकायचा होता. सप्ताहात तुम्ही गवळण म्हटली होती तिची सीडी कपाटात होती, पण लावायची कशावर? तुम्ही आणलेल्या प्लेअरची लेन्स गेली, आणि दुरुस्तीवाल्याने तो उघडून बघून तसाच परत दिला. ही लेन्स आता मिळत नाही म्हणाला. तुम्हाला जाऊन दहाएक वर्षं झाली. यंदा श्राद्ध जवळ आलं तसं हे रोज जेवताना म्हणायला लागले, "आईचा आवाज इसरत चाललोय मी." ताटावर बसलेला माणूस असं बोलतो तेव्हा त्याला काय सांगायचं. एका सकाळी सगळ्या सीडी कापडी पिशवीत घातल्या, काष्टीला एसटी धरली आणि नगरला गेले.

प्लेअर कसा घ्यायचा हे मला तुमच्याकडूनच कळलेलं. आल्यागेल्याला तुम्ही ती गोष्ट सांगायचात. मुलाचं लग्न करायचं होतं आणि वधूवर मेळाव्यातल्या सगळ्या मुलींच्या परिचयाच्या सीडी मिळाल्या होत्या. "मंडपात कसलं बघनं व्हतंय? एकीचं तोंड बघंस्तवर दुसरी माईकवर येती. घरी बसून निवांत बघायच्या," असं तुमचं म्हणणं. त्यासाठी तुम्ही दुकानात गेलात ते पिशवीत चार तऱ्हेच्या सीडी घेऊन. एक मेळाव्याची, एक भाच्याच्या लग्नाची डीव्हीडी, एक कीर्तनाची, ओरखडे पडलेली, आणि एक कॉम्प्युटरवरून गाणी भरून दिलेली. दुकानदाराला म्हणालात, "कंपनी मला कळत न्हाई. ह्या चार लावून दाव. चांगली सीडी कुनाच्याबी घरात वाजती. खराब वाजवील त्यो मला दे." महागड्याने कॉम्प्युटरची गाणी घेतली नाहीत. स्वस्तातला कीर्तनात अडकला. मधल्या किमतीचा एक काळा प्लेअर चारही खाऊन मोकळा झाला. तो तुम्ही घरी आणलात, त्यावर क्रोशाचा रुमाल घातलात, आणि मग मुली बघायला बसलात.

त्या मुलींत मी होते. माझे वडील श्रीरामपूरकडे एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. त्यांनीच माझं नाव मेळाव्यात नोंदवलं होतं. मी लहानपणापासून अडखळते, हे त्यांना माहीत होतं, साऱ्या गल्लीला माहीत होतं. स्टेजवर गेले तेव्हा ते पहिल्या रांगेत बसून माझ्याबरोबर ओठ हलवत होते. नंतर निरोप आला की श्रीगोंद्याकडच्या एका घराने मुलगी सीडीवर बघून पसंत केली आहे. तुम्ही घरी आलात. मी पोहे घेऊन बाहेर आले. नाव आणि शिक्षण न अडखळता सांगता यावं म्हणून मी न्हाणीत पाण्याचा आवाज करून करून घोकलं होतं. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. वडिलांना म्हणालात, "सीडीत समदं ऐकलंय की. पोरीला कशाला छळायचं?" माझी आई आत जाऊन आनंदाने रडली. वडील काहीतरी सांगायला पुढे सरकले होते, ते मी पाहिलं. मग ते मागे सरकले आणि तुम्हाला अजून पोहे वाढ म्हणाले. किती मोठ्या मनाची बाई, असं आमच्या घरात कितीतरी दिवस चाललं होतं.

लग्नानंतर पूजेच्या दिवशी बायकांनी मला नाव घ्यायला लावलं. उखाणा पाठ होता. शेवटी यांचं नाव आलं आणि त्याच्या पहिल्या अक्षरावर माझं तोंड बंद झालं. कुणीतरी बांगड्या मागे सारल्या, तेवढा आवाज. तुम्ही उठलात, माझ्या मागे आलात आणि पाठीवर थाप मारलीत, प्लेअर अडकला की त्याच्या डोक्यावर मारतात तशी. "थांबा गं, सीडी अडकली." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. नव्या नवरीने दुसरं काय करायचं असतं? त्या दिवसापासून मी घरात सीडीच झाले. मी तुम्हाला आई म्हणायला गेले तर तो 'आ' लांबला, आणि तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. आई तुजी तिकडं हाय. मला आत्याबाई म्हन, जमंल तवा." दुधाचा टेम्पो आला की तुम्ही मुद्दाम मला पुढे करायचात. "सांग त्याला, आज किती लिटर." ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बघत राहायचा. माझा आकडा दातांमागे अडलेला. पुरेशी मजा झाली की तुम्ही ओट्यावरून आकडा सांगायचात आणि वर म्हणायचात, "हिच्या भरवशावर ऱ्हायलो तर दूध नासंल."

दुपारी मात्र तुम्ही शांत असायचात. भांडी घासून झाली की कीर्तनाची सीडी लावायची आणि मी पाय दाबत बसायचं. एकदा बुवा बोलता बोलता एकदम थांबले. मला वाटलं, अडकली. मी प्लेअरकडे धावले. तुम्ही पायानेच मला अडवलंत. "बस खाली. मागचा टाळकरी हलतोय का न्हाई? मागचं हलतंय म्हंजी सीडी चांगली हाय. बुवा दम खातोय. सीडी अडकली तर समदंच अडकतं." तुम्हाला यंत्रातलं किती कळतं याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा तुम्ही माझ्या वडिलांना बोलावून घेतलंत. आजही मी दाराआड उभी आहे आणि ते ओट्याच्या कडेला बसलेले आहेत. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन शेंगा निवडतायत. तुम्ही आवाज जराही खाली घेत नाही. "पोरीत खोट हाय, ह्ये ठावं हुतं न्हवं तुमाला?" वडील म्हणतात, होतं. "मग सांगितलं का न्हाई? आमाला वाटलं सीडीच खराब हाय, म्हनून अडकती. आमी साधी मानसं, इस्वास ठेवला. तुमी लिहनारी मानसं, तुमी फसवलं." माझ्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात जोडले. तुमच्यापेक्षा ते वयाने मोठे होते. "चुकलं ताई. पोरीला पदरात घ्या." हे तिथेच खांबाला टेकून उभे होते. तुम्ही उठून गोठ्याकडे गेलात. वडील बराच वेळ तसेच बसले, कारण जा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. चहासुद्धा मी केला नाही. तुमच्याकडून सांगावा आल्याशिवाय मी चूल पेटवत नसे.

त्यानंतर ते तुमच्या ओट्यावर चढले नाहीत. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी एवढ्या लांबून येऊन केळीच्या गाड्यांपाशी उभे राहायचे, आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिथे जायची. विचारायचे, "त्रास देतात का?" मी मान हलवून नाही म्हणायची. मग ते म्हणायचे, "मीच फसवलं गं त्यांना. म्हणून तुला ऐकून घ्यावं लागतं." शेवटच्या आजारातही हेच. दुखतंय कुठे म्हणून विचारलं तरी हेच. मीही ते खरं धरून चालले. फसवून या घरात आलेल्या बाईने आवाज चढवायचा नसतो, माहेरी राहायला जायचं म्हणून हट्ट धरायचा नसतो, आपल्या बापाला जेवायला बोलावायचं नसतं. तुमच्या शेवटच्या दिवसांत मी तुमचं सगळं केलं ते मायेने केलं असं लोक म्हणतात. माझ्या मनात फेड होती.

तर नगरला मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आता हे कोण घेतंय ताई? पेनड्राईव्हवर भरून घ्या ना." तरी त्याने मागून तीन प्लेअर काढून पुसले. मी तुमच्यासारखीच पिशवी काउंटरवर पालथी केली. एक दिसायला फार सुबक होता, पण त्याला घरी भरलेल्या सीडी वाचता येईनात, आणि त्याला फक्त नव्या टीव्हीची वायर. आपला टीव्ही जुना, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा. दुसरा कॉम्प्युटरच्या फायली दाखवायचा, तर आवाज यायचा नाही. तिसरा दणकट, दोन्ही वायरींची सोय असलेला, किमतीला बेताचा. त्याने लग्नाची डीव्हीडी घेतली, गाण्यांची घेतली. तुमची गवळण लावली. तुम्ही पहिली ओळ उचललीत आणि दुकानदार हातातलं काम थांबवून म्हणाला, "काय आवाज आहे." मग राहिली एक बिननावाची. त्याने ती आत सारली.

पडद्यावर पोपटी साडीतली एक मुलगी माईकपाशी आली. भिंतीवरच्या एवढ्या मोठ्या टीव्हीवर मी मला आधी ओळखलंच नाही. "माझं शिक्षण बी... बी... बी... बी..." दुकानदार म्हणाला, "अडकली ताई. खराब आहे ही," आणि त्याचं बोट बटणाकडे गेलं. मुलीच्या मागे एक उभा पंखा होता. तो मान वळवत डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे आला. पडदा फुगला, बसला. ती बी, बी करत होती आणि पंखा पुन्हा डावीकडे निघाला होता. मी म्हटलं, "राहू द्या. सीडी चांगली आहे. मागचा पंखा फिरतोय." त्याने पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वायर गुंडाळायला लागला.

एसटीत मी स्वतःला समजावत होते. तुमचं तेव्हा लक्ष गेलं नसेल. मागचं बघायची खूण तुम्हाला नंतर सापडली असेल. संध्याकाळी हे शेंगा फोडत बसले होते. मी पहिली मेळाव्याचीच लावली. हे हसले, "कसली बारीक हुतीस." बी-बी सुरू झालं तेव्हा मी म्हटलं, "ही सीडी अडकलेली नाही."

"त्ये माहीत हाय की."

"कधीपासून?"

"तवाच. मीच म्हनलो हुतो आईला, पोरगी अडखळती. आईनं पुन्ना पुन्ना लावून बघितलं. म्हनली, हीच कर. बाकीच्या पोरी लई चुरूचुरू बोलत्यात. ही भांडायला तोंड उघडंस्तवर मी शेजारच्या घरी जाऊन चा पिऊन येईन." ते सांगताना यांच्या चेहऱ्यावर तुमच्या आठवणीचा आनंद होता. शेंगदाणे त्यांनी माझ्यापुढेही केले.

मी विचारलं, "मग माझ्या वडिलांना हात का जोडायला लावले?" हे एवढं बोलायला मला फार वेळ लागला. त्यांनी एक शेंग फोडली. मग म्हणाले, "लावले कुठं? त्यांनी आपनहून जोडले. आईनं नुसतं इचारलं." पुढे म्हणाले, "आता दोघंबी न्हाईत. कशाला उकरायचं? आईची सीडी लाव."

केळीच्या गाडीपाशी उभा असलेला माझा बाप मला दिसत होता. कुणालाही न फसवता मेलेला माणूस, आणि त्याला ते कधीच कळलं नाही. तुम्हाला मात्र त्या ओट्यावरून उठून गोठ्याकडे जाताना सगळं माहीत होतं. या घरात फसवून कोण आलं नव्हतं आणि कोण फसवून राहिलं, हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं, भले प्रत्येक अक्षराला अडखळत. तुम्ही त्याचीही सोय ठेवली नाहीत. हा कागद प्लेअरच्या रिकाम्या खोक्यात राहील.

तुमची सीडी मी हातात घेतली. पाठ यांच्याकडे होती. छापील बाजू खाली करून ती आत सारली. पडद्यावर निळं आलं आणि डिस्क नाही असं आलं. "काय झालं?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "दुकानातही अडकत होती. पार गेलीय." एकदाही अडखळले नाही. हे उठून आले, प्लेअरच्या डोक्यावर दोन थापा मारल्या, आणि मग खाली बसून राहिले. शेंगांची टरफलं तशीच मांडीवर. श्राद्धाला तुमचा फोटो होता, आवाज नव्हता.

सीडीला काही झालेलं नाही. दुपारी हे रानात गेले की मी ती सरळ बाजूने लावते. तुमचा गळा गोड होता, एवढं कबूल करायलाच हवं. दुसऱ्या कडव्यात तुम्ही सूर वर नेता तिथे मी रिमोट उचलून पॉज दाबते. तुमचं तोंड उघडं राहतं, मागचे टाळही थांबतात. मग मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्यापुरता चहा करते आणि तुमच्यासमोर बसून सावकाश पिते.